आमदाराचं काम काय? पाणीवाल्या बाईंकडून शिकू या



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब संपला, रजिस्टरवर सह्या झाल्या, तेव्हा मी सहज विचारलं, “आमदाराचं काम काय असतं?” एक ताई म्हणाली, “रस्ता करतो.” दुसरी म्हणाली, “सभामंडप बांधून देतो.” कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, “लग्नाला येतो, मयताला येतो, आन् इलेक्शनला येतो.” सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी जाताना गाडीवर मनात तेच घोळत राहिलं. कायदा करणं आणि सरकारला प्रश्न विचारणं ही आमदाराची मुख्य कामं. ती एकीच्याही तोंडी आली नाहीत. मत कशासाठी देतो हेच माहीत नसेल, तर पाच वर्षांनी जाब तरी कशाचा विचारणार?

म्हणून या अंकात एका बाईंची ओळख करून देते. त्या आमदार होत्या. त्यांचं नाव मृणाल गोरे.

हंड्यापासून सुरुवात

मृणालताईंचा जन्म 1928 चा. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या. पती केशव ऊर्फ बंडू गोरे हेही त्याच कामात. दोघांनी मुंबईच्या गोरेगावात काम सुरू केलं. 1958 मध्ये बंडू गोरे वारले. मृणालताई तेव्हा तिशीत होत्या, मुलगी लहान होती. आपल्यातल्या किती जणींना हे वेगळं सांगायची गरज नाही. अशा वेळी घर आणि काम दोन्ही ओढायचं म्हणजे काय, ते तुम्हालाच जास्त कळतं.

1961 मध्ये त्या मुंबई महापालिकेत नगरसेविका म्हणून निवडून आल्या. गोरेगावात तेव्हा पिण्याच्या पाण्याचे फार हाल. त्यांनी पाण्याचा प्रश्न धरला तो सोडलाच नाही. बायकांना घेऊन मोर्चे काढले, अधिकाऱ्यांच्या दारात बसल्या, सभागृहात बोलत राहिल्या. लोक त्यांना “पाणीवाली बाई” म्हणायला लागले. ही पदवी कुठल्या सरकारनं दिलेली नाही, नळावर उभ्या असलेल्या बायकांनी दिली.

लाटणं घेऊन रस्त्यावर

1972 साल आलं. महाराष्ट्रात मोठा दुष्काळ. धान्य, तेल, साखर, रॉकेल, सगळ्याचीच ओढाताण. त्याच वर्षी मृणालताई आमदार झाल्या. आमदार झाल्या म्हणून रस्ता सोडला नाही. अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका त्यांच्यासोबत एकत्र आल्या आणि महागाईविरोधात महिलांची संयुक्त समिती उभी राहिली. बायका लाटणी आणि थाळ्या वाजवत मोर्चाला निघाल्या. पक्ष वेगळा असला तरी सगळ्यांच्या घरातला रिकामा डबा सारखाच होता. आपल्या गावात एका पक्षाची बाई दुसऱ्या पक्षाच्या बाईशेजारी बसायला तयार होत नाही, तेव्हा मला ही गोष्ट आठवते.

1975 मध्ये देशात आणीबाणी आली. मृणालताई काही काळ भूमिगत राहिल्या, मग त्यांना अटक झाली. 1977 च्या निवडणुकीत त्या मुंबईतून खासदार झाल्या आणि इंदिरा गांधी हरल्या. तेव्हा एक घोषणा गाजली, “पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.” तुमच्या गावातल्या जुन्या माणसांना विचारा, कुणाला तरी नक्की आठवत असेल.

दवाखान्यातली पाटी कुठून आली?

आता सगळ्यात महत्त्वाचं. सोनोग्राफीला गेल्यावर भिंतीवर पाटी दिसते, “येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.” ही पाटी आपण इतक्या वेळा पाहतो की वाचतही नाही. पण एक काळ असा होता की मुलगा की मुलगी हे उघड सांगितलं जायचं, त्याची जाहिरातही व्हायची. मुलगी असली की गर्भ पाडायचा. त्यावर बंदी घालणारा कायदाच नव्हता.

1985 मध्ये मृणालताई पुन्हा विधानसभेत गेल्या. बाहेर महिला संघटना, काही डॉक्टर आणि कार्यकर्ते या तपासणीविरोधात लढत होते. मृणालताईंनी 1986 मध्ये विधानसभेत त्यासाठी अशासकीय विधेयक मांडलं. हा शब्द अवघड वाटेल, अर्थ सोपा आहे. मंत्री नसलेल्या आमदारालाही “असा कायदा करा” म्हणून स्वतः मसुदा मांडता येतो. अशी विधेयकं क्वचितच मंजूर होतात. पण त्यामुळे विषय सभागृहाच्या टेबलावर येतो, सरकारला उत्तर द्यावं लागतं. बाहेरचा आणि आतला रेटा मिळून 1988 मध्ये राज्य सरकारनं कायदा केला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पुढे 1994 मध्ये पूर्ण देशासाठी कायदा झाला.

कायदा झाला म्हणून सगळं थांबलं नाही, हे आपल्याला माहीत आहे. चोरून तपासण्या होतातच. पण आज एखाद्या सुनेवर तपासणीची जबरदस्ती झाली, तर ती “हा गुन्हा आहे” असं म्हणू शकते. ते वाक्य तिच्या हातात आलं, कारण कुणीतरी ते सभागृहात मांडलं.

मृणालताईंनी सहकाऱ्यांसोबत गोरेगावात सामान्य माणसांसाठी हजारो घरांची वसाहतही उभी केली. 17 जुलै 2012 रोजी त्या गेल्या.

आपण काय शिकायचं?

माझीच एक चूक सांगते. एका वस्तीतल्या बायकांसाठी मी पाण्याचा अर्ज लिहून दिला होता. त्यात पाणी, रस्ता, लाईट, स्मशानभूमी, सगळं घातलं आणि शेवटी “तरी योग्य ती कार्यवाही व्हावी” असं लिहून थेट आमदारांच्या कार्यालयात दिला. पोचसुद्धा घेतली नाही. अर्ज कुठे गेला, आजवर कळलं नाही.

दुसऱ्या वेळी बायकांनीच मला शिकवलं. त्यांनी घरं मोजली, दिवसाला किती खेपा होतात ते लिहिलं, पाण्याची टाकी किती महिने कोरडी आहे ते लिहिलं. एकच प्रश्न, एकच पान. महिला सभेत ठराव घेतला, तो ग्रामसभेत लावून धरला आणि इतिवृत्तात नोंदवून घेतला. पाणी अजून आलेलं नाही, खोटं कशाला सांगू? पण आता “आमच्याकडे तक्रारच नाही” असं कुणाला म्हणता येत नाही. ठरावाची प्रत जोडूनच त्या आता पुढच्या दारात जाणार आहेत.

कुठला प्रश्न कुठे न्यायचा, हे लक्षात ठेवा:

- गावातला नळ, गटार, दिवाबत्ती: ग्रामपंचायत. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे, ती मागा.
- अनेक गावांची पाणी योजना, शाळा, आरोग्य केंद्र: पंचायत समिती आणि जिल्हा परिषद.
- मंजूर होऊनही अडलेलं काम, चुकीचा नियम, नवा कायदा: आमदार. त्यांना सांगा, “साहेब, ताई, अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारा, लक्षवेधी मांडा.” उत्तर काय मिळालं तेही नंतर विचारा.
- अर्ज कुठेही द्या, शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

पुढच्या बैठकीत यावर बोला

1. आपल्या आमदारांनी मागच्या अधिवेशनात कुठला प्रश्न विचारला, हे आपल्यापैकी कुणाला माहीत आहे का? नसेल तर कोण विचारून येईल?
2. आपल्या गावात सगळ्या पक्षांच्या बायका एकत्र येतील असा एक प्रश्न कोणता?
3. ग्रामपंचायतीतल्या आपल्या महिला सदस्य सभेत स्वतः बोलतात, की त्यांच्या वतीनं दुसरंच कुणी बोलतं? त्यांनी बोलावं म्हणून गट त्यांच्या पाठीशी कसा उभा राहील?

तिसऱ्या प्रश्नावर जरा जास्त वेळ द्या. मृणालताईंची सुरुवात मुंबईतल्या एका वॉर्डातून झाली होती. आपलीही तिथूनच व्हायची आहे. उत्तरं प्रोसिडिंगमध्ये लिहून ठेवा, मी पुढच्या भेटीत वाचीन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक