एकदाच बुडालेली होडी

भाच्या, काल फोनवर तू म्हणालास, "मामा, बोट स्वस्तात मिळतेय, एकदाच बुडालीय." दोनदा बुडालेली विकायला काढायला मागे कोण उरतो रे? तू हसलास, मीही हसलो, पण रात्री झोप लागली नाही. म्हणून सकाळी उठून हे लिहितोय. फोनवर तू नुसता "हो हो" करतोस.

आधी एक सांगतो. बुडालेली होडी घेऊच नये, असं म्हणणाऱ्यातला मी नाही. हर्णैला समोर सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगरलेल्या निम्म्या होड्यांचा इतिहास काढलास तर कुठे ना कुठे पाणी शिरलेलं सापडेल. लाकूड तसं पाण्याचंच असतं. दोन दिवस बुडून राहिलं म्हणून साग मरत नाही, उलट फुगून सांधे घट्ट होतात. होडीचं खरं वाटोळं होतं ते ती वर आल्यावर. म्हणून मालकाला "कशी बुडाली" हे विचारच, पण त्याच्याआधी विचार, "कुठल्या तारखेला वर काढलीत आणि कुठल्या तारखेला इंजिन उघडलंत?" दोन्ही तारखा एक असतील तर पुढे बोल. मध्ये आठवडा गेला असेल तर चहा पी आणि परत ये.

कारण सांगतो. पाण्याखाली हवा कमी, म्हणून तिथे लोखंड सावकाश गंजतं. तेच खारं अंग घेऊन इंजिन उन्हात आलं की गंज धावत सुटतो. मीठ वाळून बसतं, रात्रीचं दव ओढून घेतं, पुन्हा ओलं होतं. जाणता फिटर असेल तर वर काढल्या काढल्या गोड्या पाण्यानं धुतो, सगळं ऑईल काढतो, इंजेक्टर काढून सिलिंडरातलं पाणी बाहेर करतो, डिझेल-ऑईल ओतून हातानं फिरवतो. पुढचे काही दिवस ऑईल दोन-तीनदा बदलतो. ते काम ज्यानं केलं त्या फिटरला गाठ. मालकापेक्षा तो खरं बोलेल, कारण त्याचे पैसे बहुतेक अजून अडकलेले असतात.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. ११ नोव्हेंबर २००९ला फयान वादळ येऊन गेलं, तुला आठवत नसेल, तू शाळेत होतास. पुढच्या उन्हाळ्यात मी खाडीत बुडून वर काढलेली एक होडी घेतली. मालकानं इंजिन एका हाकेला चालू करून दाखवलं. धूर थोडा पांढरट होता, मी म्हटलं, चालायचंच. त्या माणसाचं नाव आता काढत नाही. दिवाळीनंतर पंधरा वाव पाण्यात जाळं ओढताना इंजिनातून असा आवाज आला की खलाशी सुकाणू सोडून नाळेकडे पळाला. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला होता. होडी बुडाली तेव्हा इंजिन चालू होतं आणि हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरात गेलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तिथेच रॉड किंचित वाकला. वाकलेला रॉड महिनोनमहिने चालतो आणि एक दिवस तुटतो. तेव्हापासून मी विचारतो, "बुडताना इंजिन चालू होतं की बंद?" उत्तर द्यायला मालकानं जरा वेळ घेतला की मी समजतो.

म्हणून इंजिन बघायला जाशील तेव्हा सांगून जाऊ नकोस, आणि पहाटे जा. आधी इंजिनाला हात लाव. कोमट लागलं तर त्यानं तुझ्याआधी तापवून ठेवलंय. मग ऑईलची सळई काढ. ऑईल ताकासारखं दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. गिअरबॉक्सचंही बघ, तो सगळे विसरतात. सिलिंडर-सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला आपला फिटर ने. एकात जरी कमी आलं तरी तो वाकलेला रॉड डोळ्यासमोर आण.

वायरी मात्र बघूसुद्धा नकोस. सगळ्या गेल्या असंच धर. खारं पाणी तांब्याच्या तारांमधून प्लास्टिकच्या आत चढत जातं. बाहेरून वायर नवी दिसते, सोलली की काळी-हिरवी. वायरलेस, जीपीएस, फिशफाइंडर चालू करून दाखवतील. आज चालतात, पावसात बंद पडतात.

आता तुझी ही बोट लाकडावर फायबर चढवलेली आहे म्हणालास. इथे मला सगळ्यात जास्त धास्ती आहे. नुसतं लाकूड असतं तर ते दिसलं असतं. खिळ्यांभोवती काळे डाग पडले असते, टोच्या रुतला असता. फायबर चढवलं की आतलं लाकूड आजारी असलं तरी वरून गुळगुळीत. कुठल्यातरी भेगेतून पाणी आत गेलं की बाहेर यायला वाट नसते, मग लाकूड तिथेच कुजतं. हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा, वीतभर वीतभर अंतरानं, नाळेपासून मागपर्यंत, पाण्याच्या रेषेखाली जास्त. खणखणीत आवाज आला तर पुढे, बद्द आला तर खडूची खूण. खुणा एकत्र आल्या की जागा कळते. मालक म्हणेल, "अहो, आत फळी आहे म्हणून आवाज बदलतो." बदलतो, खरंय. म्हणून त्याच जागी दुसऱ्या बाजूला ठोकून बघ. डावी-उजवी सारखी वाजली पाहिजे.

मासळीच्या खणाचं कुणी बघत नाही. बर्फ टिकावा म्हणून भिंतींमध्ये फोम भरलेला असतो ना, तो बुडाल्यावर पाणी पितो आणि कधीच सुकत नाही. होडी जड होते. तेवढ्याच मापाची दुसरी होडी शेजारी असेल तर दोघी पाण्यात किती बसतात ते बघ. हिची रेषा चार बोटं खाली असेल तर ते पाणी तू आयुष्यभर डिझेल जाळून वाहणार आहेस. खणाच्या भिंतीला आतून बारीक भोक पाडू द्या म्हणावं. नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

वर कशी काढली हेही विचार. रिकामी पिंपं बांधून उधाणाच्या भरतीवर तरंगवली असेल तर बरं. क्रेननं मधोमध एकच दोर टाकून उचलली असेल तर पठाणाला, होडीच्या त्या कण्याला, मुरड पडलेली असू शकते. नाळेपासून मागपर्यंत दोरी ताणून धर, डोळा लावून बघ. पंख्याचा शाफ्ट हातानं फिरवून बघ, एका जागी अडला तर होडी वाकलीय.

नव्या रंगाचा वास आला की नाक आत घाल, कोपऱ्यात, फळ्यांखाली. चिखल आणि डिझेलचा तो वास रंगानं जात नाही.

कागदाचं थोडक्यात, तुला शिक्षण आहे. विम्याची पूर्ण नुकसानीची भरपाई मालकानं घेतली असेल तर ती होडी विकायचा हक्क त्याचा उरलाय का, हे विमा कंपनीच्या पत्रावर बघ, तोंडी ऐकू नकोस. मच्छीमार सोसायटीमार्फत एनसीडीसीचं, म्हणजे राष्ट्रीय सहकार विकास निगमाचं, कर्ज होतं का, फिटलं का, दाखला घे. मत्स्यव्यवसाय विभागात जाऊन नोंदणी चालू आहे की रद्द झाली ते तपास. परवाना १९८१च्या सागरी मासेमारी कायद्याखालचा, कुठल्या जाळ्याचा आहे ते वाच. नंबर आणि परवाना नसेल तर डिझेलचा परतावा विसर, आणि परताव्याशिवाय ट्रॉलर चालवून दाखव मला.

एक विचारायला अवघड जातं, पण विचार. तिच्यात कुणी गेलं होतं का? मी अंगारे-धुपारे मानत नाही, तुझी आई मानते. पण खलाशी मानतात. आता आपल्याकडे नेपाळी पोरं कामाला येतात, त्यांनाही बंदरावर चार दिवसांत सगळं कळतं. ऐन हंगामात कुणी चढेना झालं तर काय करशील?

किमतीचा माझा हिशेब असा. इंजिन शून्य, वायरी शून्य, खणाचा फोम शून्य. नुसतं कवच आणि कागद यांना तू काय देशील तेवढंच बोल. त्याला परवडलं तर सौदा. "३१ जुलैला मासेमारीची बंदी संपतेय, दोन गिऱ्हाइकं आहेत" असं तो म्हणेलच. असू देत. नारळी पौर्णिमेला जुन्याच होडीवरून नारळ सोड, काही बिघडत नाही.

होडी शाकारलेली आहे म्हणालास ना, झाप काढायला लावायचा. रविवारी पहाटे पाचला दापोलीच्या फाट्यावर थांब, हातोडी मी आणतो. आणि ताईला अजून काही बोलू नकोस.