पाणथळ जमिनी आणि सांडपाण्याचे शुद्धीकरण : कायद्याच्या दृष्टीने विचार

शहरे व मोठी गावे यांच्या सांडपाण्याचा प्रश्न आता शेताच्या बांधापर्यंत येऊन ठेपला आहे. गावाजवळच्या नैसर्गिक पाणथळीत हे पाणी सोडले म्हणजे ते आपोआप शुद्ध होते व पुढे पिकांस देता येते, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. या समजुतीत तथ्य आहे. परंतु त्यास मर्यादा आहे. ती मर्यादा ओळखूनच कायद्याने या बाबतीत निर्बंध घातले आहेत.

शुद्धीकरण कसे घडते

पाणथळीत पाण्याचा वेग मंदावतो व गाळ तळाशी बसतो. पाणकणीस, लव्हाळा इत्यादी वनस्पतींच्या मुळांभोवती वाढणारे सूक्ष्म जीव सेंद्रिय द्रव्ये कुजवितात. नत्राचा काही भाग वायुरूपाने हवेत निघून जातो. स्फुरदाची गोष्ट निराळी आहे. तो मातीस चिकटून राहतो. मातीची धारणशक्ती संपली की तो पाण्यातच राहतो आणि जलपर्णी व शेवाळ माजते. क्रोमियम, शिसे यांसारख्या जड धातूंचा तर नाश होतच नाही. ते गाळात साठत जातात.

पूर्व कोलकात्याचा अनुभव

कोलकात्याच्या पूर्वेस सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ क्षेत्र आहे. तेथील उथळ तळ्यांत शहराचे सांडपाणी घेऊन रोहू, कटला, मृगळ हे मासे वाढविले जातात व पुढे ते पाणी भातशेतीस मिळते. या पद्धतीचे महत्त्व अभियंता ध्रुवज्योती घोष यांनी जगापुढे मांडले. १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने या क्षेत्राच्या रक्षणाचा आदेश दिला. २००२ साली त्याचा समावेश रामसर यादीत झाला आणि २००६ साली पश्चिम बंगालने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

तथापि, येथे पाणी वाटेल तसे सोडलेले नसते. मच्छीमार ते बेताने आत घेतात, ऊन व शेवाळ यांना काम करू देतात आणि मगच पुढील पाणी घेतात. या व्यवस्थेवाचून केवळ नाला तलावात वळविणे म्हणजे कोलकात्याचे अनुकरण नव्हे.

कायदा काय सांगतो

पाणथळ जमिनी (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ अन्वये रामसर यादीतील व अधिसूचित पाणथळींत उद्योग, शहरे व गावे यांचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडण्यास मनाई आहे. सिंचनासाठी खास बांधलेले तलाव या नियमांतील व्याख्येत येत नाहीत. म्हणून ते मोकळे सुटले असे मात्र नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ मध्ये नैसर्गिक व कृत्रिम असे दोन्ही प्रकारचे जलसाठे अंतर्भूत आहेत.

१९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांना १९९३ साली जोडलेली सर्वसाधारण मानके शेतकऱ्याने विशेष ध्यानात घ्यावीत. पाणी कुजताना किती प्राणवायू लागतो, हे बी. ओ. डी. या मापाने मोजतात. नदी-तलावात सोडावयाच्या पाण्यासाठी ही मर्यादा दर लिटरास ३० मिलिग्रॅम, तर जमिनीस सिंचनासाठी द्यावयाच्या पाण्यासाठी १०० मिलिग्रॅम ठरविण्यात आली. याचा अर्थ असा की, जे पाणी शेतजमीन पचवू शकते, तेच तलावास घातक ठरू शकते. मलजल शुद्धीकरण केंद्रांसाठी पुढे स्वतंत्र मानकेही करण्यात आली.

गावाने काय करावे

१. घरगुती सांडपाणी शक्य तो शोषखड्ड्यात व परसबागेत जिरवावे.

२. उरलेले पाणी प्रथम गाळ बसविण्याच्या टाकीत व नंतर पाणकणीस किंवा कर्दळ लावलेल्या बांधीव वाफ्यातून न्यावे. या वनस्पती वेळोवेळी कापून बाहेर काढाव्यात. तसे केल्यानेच त्यांनी शोषलेली अन्नद्रव्ये पाण्यातून दूर होतात.

३. कारखान्याचे पाणी यात कदापि मिसळू देऊ नये.

४. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांस असे पाणी तपासणीवाचून देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली अशा पिकांसाठी दर लिटरास जंताचे एकाहून अधिक अंडे नसावे, अशी मर्यादा सुचविली होती.

५. जलसाठ्यात पाणी सोडण्यापूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी.

नैसर्गिक पाणथळ ही शुद्धीकरणाची शेवटची पायरी होऊ शकते, पहिली नव्हे. तिच्या तळाशी एकदा बसलेले विष पुढील पिढीसही काढता येणे कठीण असते, म्हणून ग्रामपंचायतीने आधी प्रक्रियेची सोय करावी व मगच पाण्यास वाट द्यावी.