दोराच्या गाठी

बारावीचा निकाल लागला की तिवशातल्या आमच्या घरी पालकांची ये-जा वाढते. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी लोक अजून विश्वासानं विचारायला येतात. यंदा एक जोडपं मुलीला घेऊन आलं. संत्र्याची बाग, थोडी कपाशी, थोडी तूर. आई बसता बसताच म्हणाली, "सर, ते म्हन्ते मले जंगलातलं शिकाचं हाये. आता तुमीच समजावा इले." मुलगी मान खाली घालून बसलेली, मांडीवर एक वही. त्या दिवशी जे बोलणं झालं ते तुम्हा सगळ्याच आईबापांशी बोलावंसं वाटलं, म्हणून लिहितो आहे.

"पोट भरंन का त्याच्यात?" हा त्या आईचा पहिला प्रश्न होता, आणि तो अगदी रास्त आहे. एका बहराच्या भावावर ज्या घराचं वर्ष निघतं, त्या घरानं लेकराच्या भाकरीची काळजी करायचीच. म्हणून आधी भाकरीचंच सांगतो.

अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं वानिकी महाविद्यालय आहे. बारावी विज्ञान, मग सीईटी, मग 4 वर्षांची पदवी. लेकरू सकाळी एसटीत बसलं तर दुपारच्या जेवणाला घरी पोचेल इतक्या अंतरावर. या पदवीवर एमपीएससीची वनसेवा देता येते, वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक या पदांसाठी. यूपीएससीची भारतीय वनसेवाही देता येते. वनरक्षकाची भरती तर बारावीवरच असते. तिथं मुलींना 3 किलोमीटर धावावं लागतं. भारतीय वनसेवेत मुलींना 4 तासांत 14 किलोमीटर चालून दाखवावं लागतं, हे ऐकून ती माउली पहिल्यांदा हसली. निंदणाच्या दिवसांत तीही काही कमी चालत नसेल. पुढं शिकायचं तर देहरादूनला भारतीय वन्यजीव संस्था आहे, भोपाळला भारतीय वन व्यवस्थापन संस्था आहे. दोन्ही 1982 सालच्या. जागा मोजक्या, प्रवेश कठीण, पण आपल्या पोरांना दार बंद नाही. आपल्या अमरावतीचे किशोर रिठे बघा. सातपुडा फाउंडेशन उभं करून मेळघाटात काम केलेला हा माणूस पुढं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संचालक झाला. ती संस्था 1883 पासूनची आहे.

आता दुसरी बाजू लपवत नाही. स्पर्धा परीक्षेत वर्षं जातात आणि पद मिळेलच असं नाही. स्वयंसेवी संस्थांमधलं काम बहुतेक वेळा प्रकल्पापुरतं असतं. प्रकल्प संपला की पगार थांबतो. आणि भीतीचं म्हणाल तर तीही खोटी नाही. मार्च 2021 मध्ये आपल्याच मेळघाटात एका महिला वनक्षेत्रपालानं वरिष्ठांच्या छळाची तक्रार लिहून ठेवत जीव दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ताडोब्यात वाघांच्या गणनेच्या कामावर असलेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. पोरीला या वाटेवर पाठवणाऱ्या आईबापांना हे ठाऊक असायला हवं. पण ते कळल्यावर दार लावून घेऊ नका. तिला रोज फोन करा, कामाच्या ठिकाणी कोण कसं वागतं ते विचारा. तिनं "बाबा, इथं जमत नाही" म्हटलं, तर "सरकारी नोकरी हाये, सहन कर" असं तुमच्या तोंडून येऊ देऊ नका.

एवढं बोलून झाल्यावर मी मुलीला वही मागितली.

मला वाटलं, वाघ-हरणांची चित्रं असतील. वहीत विहीर होती. घरच्या बागेतल्या विहिरीत ती दर रविवारी दगड बांधलेला दोर सोडत होती. दोराला हात-हात अंतरावर गाठी. पाणी लागेपर्यंत किती गाठी उतरल्या, ती नोंद. दिवाळीला 9. होळीला 21. मधेच एक ओळ होती : "शेजारी बोअर मारला. 3 रविवारांत 4 गाठी खाली." आणि समासात बारीक अक्षरात : "आज पहिल्यांदा पावशा ओरडला."

मी त्या दोघांना म्हटलं, तुमची मुलगी करते आहे ते काम महाराष्ट्रात पगार देऊन करून घेतलं जातं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे सरकारी खातं 1972 पासून हेच करतं. राज्यभरच्या ठरावीक निरीक्षण विहिरींचं पाणी वर्षातून 4 वेळा मोजायचं आणि कुठल्या भागात उपसा जास्त झाला ते सांगायचं. त्यासाठी भूगर्भशास्त्र शिकलेली माणसं लागतात. वरूड-मोर्शीकडं संत्र्यापायी बोअर किती खोल गेले आणि पाणी संपल्यावर उभ्या बागा कशा तोडाव्या लागल्या, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवायला नको. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा 2016 साली सुरू झाली तेव्हा पहिल्या 3 तालुक्यांत वरूड होतं, ते उगीच नाही.

पर्यावरणाचं काम म्हणजे जीपमधून वाघ बघणं, हा समज आपण टीव्हीवरून घेतला. तुमच्या बांधावरही ते काम आहे. नांदगाव पेठच्या कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणारा तंत्रज्ञ तेच काम करतो. सेबीनं 2022-23 पासून शेअर बाजारातल्या मोठ्या 1000 कंपन्यांना पाणी किती ओढलं, कचरा कुठं गेला, धूर किती सोडला याचा हिशेब देणं बंधनकारक केलं. तो हिशेब मांडायला रसायन आणि आकडे दोन्ही कळणारी पोरं लागतात. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर नावाचं गाव आहे. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर त्या गावानं उजाड रान राखलं, सीताफळं विकली, गावातच मजुरी उभी केली, आणि 2014 साली जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. अकोला-वाशिमकडं शिकारीवर जगलेला फासेपारधी समाज तणमोर हा पक्षी आणि त्याचं माळरान राखायला पुढं आला. त्यांच्यातल्या जाणत्यांना गवताची जात पायाखालून कळते.

एक गोष्ट मनात आहे ती सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडं असाच एक मुलगा आला होता. त्याला झाडांचं वेड. मीच त्याला म्हटलं, "छंद म्हणून ठेव, आधी इंजिनीअर हो." त्यानं माझं ऐकलं. दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून परत आला, आणि नंतर समोरून आला तरी माझ्याशी बोलायचं टाळायचा. त्याला काय आवडतं ते मी ऐकलं होतं; तो ते रोज किती मन लावून करतो, ते विचारलं नव्हतं. तेवढं तुम्ही विचारा. आवड नुसती बोलण्यातली असेल तर वर्षभरात विरून जाते. भर उन्हात दर रविवारी दोर सोडणारं लेकरू असेल, तर त्याला थांबवण्याआधी एकदा अकोल्याला नेऊन ते कॉलेज दाखवा, तिथल्या मुलांशी बोलू द्या. आणि सोबत बी.एस्सी.चा किंवा कृषी पदवीचा अर्जही भरून ठेवा. दुसरी वाट मोकळी असली की तुमच्या जिवाला घोर कमी.

मी बोलत होतो तेव्हा वडील गप्प होते. वही आता त्यांच्या हातात होती. चष्मा नव्हता, म्हणून पान लांब धरून वाचत होते. एका ओळीवर बोट थांबलं.

"शेजारच्या बोअरनं आपली विहीर 4 गाठी उतरली," ते मुलीला म्हणाले, "हे खरं हाये?"

"मोजलं ना बाबा."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी इचारलंच नाई."

त्यांनी पुढचं पान उलटलं.