डोंगर ओळखणारे विमान

कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता मुरबाड मागे टाकून वैशाखरे गावी येतो. तेथून पुढे माळशेज घाटाची चढण लागते. पावसाळ्यात येथील कडे ढगांत असे बुडून जातात की, समोर डोंगर आहे हे नवख्या माणसास सांगूनही खरे वाटू नये.

घाटमाथ्यापलीकडे जुन्नर तालुका आहे. 1962 साली, जुलैच्या 7 तारखेस, मध्यरात्र नुकतीच उलटली असता, बँकॉकहून मुंबईस येणारे अलिटालिया कंपनीचे विमान तेथील डोंगरावर आदळले. आतील 94 माणसांपैकी एकही वाचले नाही. विमान जुनेपुराणे होते काय? मुळीच नाही. ते त्या काळचे अगदी नवे, डीसी-8 जातीचे जेट विमान होते. त्याच वर्षी आपली एअर इंडिया पंख्यांची विमाने टाकून केवळ जेट विमाने वापरणारी जगातील पहिली कंपनी ठरली होती. वेग वाढला होता. परंतु मुंबई अजून सुमारे 80 किलोमीटर दूर असता ती जवळ आली असे वैमानिकास वाटले आणि त्याने विमान खाली आणले. समोर डोंगर आहे, असे सांगणारे यंत्र तेव्हा नव्हते.

पुढे डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने ते सिद्ध केले. हे पहिले यंत्र रेडिओच्या लहरी खाली सोडून जमिनीचे अंतर मोजी. पायांकडे पाहत चालणाऱ्यास समोरची भिंत दिसत नाही, तशीच त्याची गत होती; उभ्या कड्यापुढे त्याची सूचना फार उशिरा येई. 1990 नंतरच्या दशकात पृथ्वीवरील डोंगरदऱ्यांचा नकाशाच यंत्रात साठविण्यात आला. उपग्रहांच्या साह्याने विमानाचे स्थान कळते, ते नकाशाशी ताडून पाहिले जाते, आणि डोंगर पुढे असतानाच यंत्र वैमानिकास मोठ्याने सावध करते.

जुनी विमाने काढून नवी घेताना कंपन्या इंधनाचा हिशेब आधी सांगतात. तो खोटा नव्हे. 2016 साली भारतात आलेल्या ए-320 निओ विमानास त्याच जातीच्या जुन्या विमानापेक्षा सुमारे 15 टक्के इंधन कमी लागते. बेटमन यांचे यंत्र जुन्या विमानातही बसविता येते. नव्यात ते कारखान्यातूनच बसवून येते. मला इंधनाच्या बचतीपेक्षा त्याचे मोल अधिक वाटते. तिकीट काढणारा प्रवासी मात्र त्याविषयी कधी विचारीत नाही.