ट्यूबाचा माउथपीस : नंबर वाचू नका, माप घ्या

लग्नसराईच्या तोंडावर बँडपार्टीच्या मालकांपुढे एक अडचण हमखास उभी राहते. बास वाजवणारा माणूस दुसऱ्या पार्टीत जातो किंवा गावी निघून जातो, आणि ट्यूबा किंवा सूझाफोन कोपऱ्यात पडून राहतो. मग युफोनियम, ट्रॉम्बोन किंवा ट्रंपेट वाजवणाऱ्या एखाद्या तरुणाला सांगितले जाते, "आजपासून तू हा वाजव." दोन बाजे वाजवता येणाऱ्या कारागिराला काम कधी कमी पडत नाही, म्हणून तोही खुशीने तयार होतो. पण माउथपीस चुकीचा मिळाला तर त्याची मेहनत आणि मालकाचा पैसा, दोन्ही वाया जातात.

बँडवाल्यांच्या गणवेशाचे कापड मी बरीच वर्षे विकत आलो आहे, त्यामुळे त्यांच्यात उठबस आहे. एका पार्टीत युफोनियम वाजवणाऱ्या पोराला सूझाफोन दिला गेला. "जेवढा मोठा, तेवढा आवाज" असे दुकानदाराने सांगितले म्हणून मालकाने सर्वात मोठ्या वाटीचा माउथपीस आणला. तिसऱ्या गाण्यालाच पोराचे ओठ थकले आणि सूर डळमळू लागले. मालक म्हणाला, "याच्या फुंकीत दम नाही." त्याला काढायचेच ठरले होते. तेवढ्यात पार्टीतल्या बुजुर्ग उस्तादांनी माउथपीस बोटांनी हलवून पाहिला. तो नळीत डुगडुगत होता, कारण त्याची दांडी बारीक होती. नीट बसणारा मध्यम माउथपीस आणल्यावर त्याच पोराने सारा हंगाम वाजवला. ऐब हत्यारात होता आणि ठपका माणसावर येत होता. हा लेख त्यासाठीच आहे.

बाजा समजून घ्या

ट्यूबाचे पेटंट १८३५ साली प्रशियात वीप्रेख्ट आणि मोरिट्झ या दोघांनी घेतले. खांद्यावर घेण्याचा सूझाफोन त्यानंतरचा, अमेरिकेत १८९० च्या दशकातला. बी-फ्लॅट ट्रंपेटची नळी सरळ केली तर सुमारे साडेचार फूट भरते, युफोनियमची नऊ फूट आणि बी-फ्लॅट ट्यूबाची अठरा फूट. प्रत्येक वेळी नळी दुप्पट होते आणि सूर एक सप्तक खाली जातो. माउथपीसची वाटीही त्याच क्रमाने वाढते. ट्रंपेटची वाटी आतून सोळा-सतरा मिलिमीटर, युफोनियम व ट्रॉम्बोनची पंचवीस-सव्वीस, तर ट्यूबाची साधारण तीस ते चौतीस मिलिमीटर असते. म्हणजे ट्यूबाच्या वाटीत ओठांचा मोठा भाग थरथरतो. ओठ सैल हवेत, हवा भरपूर आणि संथ हवी. युफोनियमवरचा आवळलेला ओठ येथे चालत नाही.

नंबरचा घोळ

आपल्या कापडाच्या धंद्यातले उदाहरण घ्या. सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होते. ऐंशी नंबरचे सूत चाळीसपेक्षा बारीक. पण पॉलिएस्टरच्या धाग्याला डेनिअर लावतात, तेथे नंबर वाढला की धागा जाड होतो. दोन्ही नंबरच, पण दिशा उलट. हे न कळणारा व्यापारी माल घेताना फसतो.

माउथपीसमध्ये हुबेहूब असेच आहे. बाख कंपनीच्या पद्धतीत नंबर लहान तर वाटी मोठी. तिचा ट्यूबाचा १८ नंबर सुमारे साडेबत्तीस मिलिमीटरचा, तर २४ एडब्ल्यू सुमारे एकतीसचा. यामाहाच्या पद्धतीत नंबर मोठा तर वाटी मोठी, म्हणजे ६७ हा ६५ पेक्षा मोठा. अक्षरेही उलट आहेत. बाखमध्ये ए म्हणजे खोल वाटी, यामाहामध्ये ए म्हणजे उथळ. शिवाय तोच नंबर ठोकून दुसऱ्या कारखान्यात बनलेला माल मूळ मापाचा असेलच, याची हमी नाही. म्हणून नंबर हा फक्त इशारा समजावा. खरे माप व्हर्नियर कॅलिपरने घ्यावे.

आधी दांडी, मग वाटी

ट्यूबाच्या माउथपीसची दांडी मुख्यतः तीन जाडीत येते : लहान, अमेरिकन आणि त्याहून जाड युरोपियन. लागूनच्या दोन जाडींतला फरक टोकाशी एक मिलिमीटरही नसतो, डोळ्याला दिसत नाही. तपासणी सोपी आहे. माउथपीस हलक्या हाताने नळीत घाला आणि जरा फिरवा. साधारण पाऊण ते एक इंच आत जाऊन तो घट्ट बसला पाहिजे, डुगडुगता कामा नये. फार आत गेला तर दांडी बारीक, बराच बाहेर राहिला तर जाड. दोन्हींत सूर बिघडतात. कागद गुंडाळून वेळ मारून नेता येते, हंगाम काढता येत नाही. सूझाफोनमध्ये माउथपीस आणि मानेच्या मध्ये वळणारे जोडतुकडे असतात. तेथून हवा गळत असेल तर कितीही चांगला माउथपीस आणा, उपयोग नाही. आधी ते सांधे घट्ट करून घ्या.

कोणी काय घ्यावे?

१) युफोनियम किंवा ट्रॉम्बोनवाला : याला सर्वात लहान वाटी ओळखीची वाटते, म्हणून तो तीच उचलतो. वरचे सूर सहज निघतात, पण आवाज ट्यूबाचा वाटत नाही आणि खालचे सूर पातळ येतात. सर्वात मोठी वाटी घेतली तर आवाज पसरतो, पण दम लवकर संपतो. एकतीस ते साडेबत्तीस मिलिमीटर, मध्यम खोली आणि गोलसर कड, येथून सुरुवात करावी.

२) ट्रंपेटवाला : याच्या ओठांना सर्वात मोठा बदल सोसावा लागतो. त्याने फार खोल वाटी टाळावी. रुंद कडेवर ओठांना आराम मिळतो. पहिले काही आठवडे रोज थोडा वेळ, फक्त लांब सूर धरावेत.

३) रस्त्यावर वाजवणारा : हेलबर्ग घाटाची वाटी नरसाळ्यासारखी खोल असते. सूझाच्या बँडमधील ट्यूबावादक ऑगस्ट हेलबर्ग यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिचा आवाज गडद व भरदार, खालचे सूर सुरेख, पण ती हवा फार मागते. उघड्या रस्त्यावर, ढोलताशाच्या शेजारी, प्रत्येक सूर वेगळा ऐकू यायला हवा. तेथे वाडग्यासारखी, थोडी कमी खोल वाटी बरी.

पारख कशी करावी?

पाच मिनिटे फुंकून सौदा करू नये. मधला सूर धरा, मग एकेक पायरी खाली उतरा, हळू आणि जोरात, दोन्ही तऱ्हांनी वाजवा. फोनवरच्या ट्यूनरने सूर पाहा. वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज वेगळा ऐकू येतो, म्हणून एखाद्या जाणकाराला तीस-चाळीस फुटांवर उभे करा. वीस मिनिटे वाजवल्यावर ओठांची हालत पाहा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवा. एकदा निवडला की दोन-तीन महिने तोच ठेवा, ऐन हंगामात बदलू नका. ट्यूबा वाजवून झाल्यावर आपल्या मूळ बाजावर लगेच वरच्या सुरांना हात घालू नका. थोडे थांबून मऊ सुरांनी ओठ परत जागेवर आणा. मुलामा उडून पितळ उघडे पडले असेल तर ओठ चुरचुरतात. पुन्हा चांदीचा मुलामा देऊन घ्या.

विकणाऱ्या व बनवणाऱ्या बंधूंसाठी

मेरठच्या जली कोठी भागात बाजे बनवण्याचा हुन्नर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तेथील नादिर अली अँड कंपनी १८८५ सालची. या हुन्नरात आपल्या समाजाचे हात मोठ्या संख्येने आहेत. वाद्यांच्या जायज-नाजायजचा मसला उलेमांचा आहे, त्यात मी पडत नाही. पण माल जो विकाल तो सचोटीने विका, याबद्दल दुमत नाही. बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर हुजूर (स.) यांना आत ओल लागली, तेव्हा ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. माउथपीसची ओल म्हणजे चुकीची दांडी आणि खोटा नंबर.

म्हणून लेथवर माउथपीस उतरवणाऱ्याने नामांकित कंपनीचा नंबर ठोकू नये, स्वतःचे नाव आणि खरे माप कोरावे. दुकानदाराने प्रत्येक नगासोबत चिठ्ठी ठेवावी : वाटीची रुंदी, खोली, भोकाचे माप, दांडीची जात. गिऱ्हाइकाला आपला बाजा दुकानात आणायला सांगावे. नग न जुळल्यास किती दिवसांत बदलून मिळेल ते सौद्याच्या वेळीच ठरवावे. अशा दुकानाचे नाव एका पार्टीकडून दहा पार्ट्यांकडे जाते.

आणि मालक बंधूंना एवढेच : नव्या माणसाचा दम कमी पडला असे वाटले तर त्याचा हिशेब चुकता करण्याआधी एकदा माउथपीस बोटांनी हलवून पाहा. कुणाची रोजी त्या अर्ध्या मिलिमीटरवर टांगलेली असू शकते.