मारलं म्हणून मारायचंच नसतं

अमरावतीच्या खुल्या बुद्धिबळ स्पर्धेसाठी अकोल्याहून सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरलो. पहिल्याच फेरीत समोर नववीतला मुलगा आला. स्वप्नील धोपाडे यांच्यासारखा ग्रँडमास्टर अमरावतीचाच; इथली मुलं तयारीनिशी पटावर बसतात, हे मी ध्यानात ठेवायला हवं होतं.

डाव इटालियन वळणाने निघाला. मी काळा. चौथ्या चालीला त्याचा घोडा जी5 वर आला. आता उंट आणि घोडा, दोघांचा रोख माझ्या एफ7 च्या प्याद्यावर. मी डी5 ला प्यादं लोटून उंटाची वाट अडवली. ते त्याने मारलं. मीही लगेच घोडा उचलून त्याचं प्यादं मारलं. दीड तासातली माझी दोन मिनिटंही खर्ची पडली नव्हती.

पुढच्याच चालीला त्याचा घोडा एफ7 वर येऊन पडला. वजीर आणि हत्ती एकदम माऱ्यात, म्हणून तो राजाने मारला. लगेच एफ3 वरून वजिराचा शह, शिवाय डी5 वरच्या माझ्या घोड्यावर नेम. घोडा राखायला राजा ई6 वर, पार मैदानात आणावा लागला. 22व्या चालीला मी डाव सोडला.

नंतर मुलाने पुन्हा पट मांडला. म्हणाला, ‘‘काकाजी, त्यानं मारलं म्हणून आपण मारलंच पाहिजे असं थोडीच हाये? दुसरा घोडा ए5 ले न्यायचा, उंटावर.’’

त्यात एक प्यादं जातं. पण उंटाला हलावं लागतं, तेवढ्यात आपली मोहरी बाहेर पडतात. सुरुवातीच्या चाली मला पाठ होत्या, त्यांचं कारण ठाऊक नव्हतं. घरच्या डावात मारामारीची सवय लागते, ती स्पर्धेत नडते.

म्हणून नव्या खेळाडूंना आणि त्यांच्या आईवडिलांना कळकळीने सांगतो. एकच ओपनिंग घ्या, पण प्रत्येक चाल कशासाठी, हे तोंडाने सांगता येईपर्यंत घोटा. समोरच्याने मारलं की आधी त्याची चाल स्कोअरशीटवर लिहा, मग पूर्ण पट पाहा. परत न मारता दुसरं काय करता येईल, ते शोधा. तोवर हात मांडीवर ठेवा. मोहऱ्याला हात लावला की तेच चालवावं लागतं.

पुढच्या स्पर्धेत नेमकी तीच स्थिती आली. मी सहा मिनिटं घेतली आणि घोडा ए5 वर नेला. तो डाव बरोबरीत सुटला.