संगणकातला आवाज कानापर्यंत : जोडणी कोणती निवडावी?

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने तारा आणि खाचांवर लेख लिहावा याचे काही मित्रांना नवल वाटेल. पण हा प्रश्न आमच्याच अभ्यासातून निघाला. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी मी माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. पुढे विभागातल्या संगणकावर त्या ऐकून वहीत उतरवू लागलो, तेव्हा ओवीखाली एकसारखी घरघर ऐकू आली. प्रथम वाटले, ही जात्याचीच. मग आठवले, आजीने ओव्या ओट्यावर बसून म्हटल्या होत्या; जाते नव्हतेच! एका ओवीत शब्द ‘बंधूनं’ आहे की ‘बंधूला’, हे त्या घरघरीत ठरेना. एका प्रत्ययाने देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल होत होती. आजी गेल्या श्रावणात वारली. विचारावे असे आता कोणी नव्हते.

आकड्यांचा आवाज

संगणकात आवाज नसतो, आकडे असतात. सीडीच्या पद्धतीत आवाजाच्या लहरीची उंची एका सेकंदात 44,100 वेळा मोजतात. प्रत्येक मोजमाप 16 बिटांचे, म्हणजे 65,536 पायऱ्यांपैकी एक. डाव्या-उजव्या अशा दोन बाजू धरल्या तर सेकंदाला 14,11,200 बिट होतात. माणसाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले की ती लहर पुन्हा उभी करता येते. म्हणून हा आकडा.

आकड्यांपासून पुन्हा विद्युत्-लहर करणाऱ्या यंत्रास अंकीय ध्वनिरूपांतरक किंवा ‘डॅक’ म्हणतात. प्रत्येक संगणकात तो असतोच. पण आत पंखा, डिस्क आणि वीजपुरवठा यांच्या गर्दीत बसलेला असल्यामुळे त्यांची चिरचिर आवाजात मिसळू शकते. म्हणून वेगळा रूपांतरक बाहेर ठेवतात. मग प्रश्न येतो, संगणक आणि तो यांना जोडायचे कशाने?

तीन वाटा

पहिली वाट यूएसबीची. ही खाच आज बहुतेक प्रत्येक संगणकाला आहे आणि लहान रूपांतरकाला वीजही याच तारेतून मिळते. दुसरी कोअॅक्शियल, म्हणजे 75 ओहमची तांब्याची तार. तिसरी ऑप्टिकल. तोशिबा कंपनीने 1983 साली आणलेल्या या जोडणीत प्लॅस्टिकच्या तंतूतून तांबडा प्रकाश जातो. ब्लूटूथ ही बिनतारी वाट सोयीची खरी. परंतु तिच्यात सामान्यतः आवाज आक्रसून पाठवतात व काही भाग गाळला जातो. बारकाईने शब्द ऐकायचे असतील तर ती टाळावी.

या तिन्ही वाटांत मुख्य भेद लयीचा आहे. आकडे नुसते पोचून भागत नाही. ते ठरल्या क्षणी वाजावे लागतात. भजनात मृदंग लय धरतो आणि टाळकरी त्याच्यामागून जातात. कोअॅक्शियल व ऑप्टिकल जोडणीत मृदंग संगणकाच्या हाती असतो. आकड्यांबरोबरच लयही येते आणि रूपांतरक ती ओळखून चालतो. लय डळमळली तर रूपांतरकाला ती सावरून घ्यावी लागते. ‘असिंक्रोनस’ प्रकारच्या यूएसबी जोडणीत उलट असते. मृदंग रूपांतरकाच्या हाती असतो आणि संगणकाने मागणीप्रमाणे आकडे पुरवायचे. म्हणून सर्वसाधारणपणे यूएसबीला पहिली पसंती देणे योग्य.

घरघर कुठून आली?

संगीताचा छंद असलेल्या एका सरांनी आपला रूपांतरक आठ दिवस वापरायला दिला. प्रथम यूएसबीने जोडला. माउस हलवताच येणारी चिरचिर थांबली. घरघर मात्र तशीच राहिली. यूएसबीची तार काढताच तीही बंद! म्हणजे दोष तारेतूनच येत होता.

कारण असे : संगणक आणि ध्वनिवर्धक दोन्ही भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेले होते आणि धातूच्या तारेने ते एकमेकांनाही जोडले गेले. त्यामुळे एक वेटोळे पूर्ण झाले व त्यातून विजेचा बारीक प्रवाह फिरू लागला. आपल्याकडील वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, म्हणून घरघरही त्याच सुराची आणि त्याच्या पटींची. कोअॅक्शियलही धातूचीच असल्याने तिने फरक पडला नाही. ऑप्टिकल तंतू लावला आणि घरघर गेली. प्रकाशातून आकडे जातात, वीज जात नाही, वेटोळे तुटते.

ऑप्टिकलच्याही मर्यादा आहेत. तंतू फार वाकवला तर खराब होतो, तो काही मीटरच लांब ठेवावा लागतो, आणि बऱ्याच यंत्रांत सेकंदाला 96,000 मोजमापांपुढे ही वाट चालत नाही. बोललेल्या किंवा गायलेल्या शब्दासाठी ती मर्यादा आड येत नाही. खरी अडचण वेगळी : ही खाच आज थोड्याच लॅपटॉपना असते. अशा वेळी चार्जर काढून बॅटरीवर ऐकून पाहावे. घरघर थांबली, तर कारण बहुधा हेच. काहीजण प्लगची अर्थिंगची पिन मोडतात. तसे कदापि करू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

तात्पर्य

आधी यूएसबी लावावी. घरघर आली तर ऑप्टिकल. कोअॅक्शियल तेव्हाच, जेव्हा यंत्रांना दुसरी खाच नसेल. तार साधी पण धड असावी. आकडे नीट पोचत असतील तर महाग तारेने ते अधिक खरे होत नाहीत. आणि जे मुद्रणातच आले नाही, ते कोणताही रूपांतरक आणून देणार नाही.

आजीचा शब्द मात्र मुद्रणात आला होता. तो ‘बंधूनं’ असा होता. मी वहीत आधी ‘बंधूला’ लिहिले होते. ते खोडून दुरुस्त केले.